एकही नमुना नापास नाही

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पहिला नमुना नापास झाला आणि बारवेच्या कामावर पहिला मार पडला. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले, अमृत गवंड्याच्या.

डायरीची सवय फौजेतली. इंजिनिअर रेजिमेंटमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो, तरी चार ओळी खरडल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. नोव्हेंबरात आमच्या वाडीच्या देवस्थान समितीनं बोलावलं. म्हणाले, नानासो, जुनी बारव दुरुस्त करायचीय, माल आणि काम तपासायला खमक्या माणूस पाहिजे. मी म्हटलं, मग वडूजपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही.

बारव दोन-अडीचशे वर्षांची. चारी बाजूंना दगडी भिंती आणि खाली पाण्यापर्यंत बासष्ट पायऱ्या. चैत्री पौर्णिमेला बिरोबाची पालखी पाण्यापर्यंत उतरवायची रीत आहे. त्या वेळी पायऱ्यांवर साताठशे माणूस दाटीवाटीनं उभं असतं. भिंतींनी पोट काढल्यापासून गेली चार वर्षं पालखी वरूनच माघारी फिरते. यंदा १२ एप्रिलला ती खाली उतरेल असा शब्द मी समितीला दिलाय, आणि माझा शब्द आजवर खाली पडलेला नाही.

कामावर देखरेख साक्षी मॅडमची. जुन्या वास्तूंच्या जतनाचं शिकलेल्या, सांगलीला विश्रामबागेत ऑफिस, वय तिशीच्या आत. दर दहा-पंधरा दिवसांनी येतात. त्यांनी मला एक कागद लिहून दिलाय. सिमेंट बिलकुल नाही, फक्त चुना. दगडी चाकाच्या घाणीतून मळलेला चुना निघाला की प्रत्येक गवंड्यानं त्यातला थोडा लाकडी पेटीत भरायचा, पेटीवर नाव आणि तारीख. एकवीस दिवसांनी मी त्यावर खिळा ओढायचा. नुसता ओरखडा उठला तर पास. खिळा आत रुतला तर नापास, आणि त्या गवंड्यानं त्या दिवशी बांधलेलं सगळं उकलायचं.

अमृतच्या पेटीत खिळा लोण्यात जावा तसा गेला. तो जवळच उभा होता. म्हणाला, "त्या दिशी पानी जास्त झालं हुतं साहेब. मला वाटलंच हुतं."

"वाटलं हुतं तर बोलला का न्हाईस रं?" म्हटलं आणि दोन कानाखाली ठेवून दिल्या. त्याची टोपी घाणीच्या चरात पडली. बायको राणी त्याच कामावर पाट्या वाहते, तिच्यादेखत झालं. होऊ दे. मग मी स्वतः पहार घेऊन त्याची अडीच हात भिंत उकलली. अकरा माणसं हात बांधून बघत होती. एकदा बघितलेलं बरं असतं.

१० जानेवारी, शुक्रवार

विट्याचा जयराज, या कामाचा ठेकेदार, मला ओळखायला चुकला. वाळूच्या टेम्पोत, वाळूखाली सिमेंटची सहा पोती. मी खोरं घालून बघणारच हे त्याला ठाऊक नव्हतं. सहाच्या सहा पोती कोयत्यानं फाडून ओढ्यात रिकामी केली. ड्रायव्हर अंगावर आला तेव्हा खोऱ्याचा दांडा हातातच होता. पहिला खांद्यावर, दुसरा मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला नवा नाही.

जयराज फोनवर ओरडला. समितीनं मिटवलं. मॅडमचाही फोन आला. म्हणाल्या, "सिमेंट अडवलंत ते फार बरं केलंत, सुभेदारसाहेब. हात मोडायला नको होता." मी म्हटलं, मॅडम, सिमेंट हातानंच येतं. त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१६ जानेवारी, गुरुवार

कोंडीबा हा आमचा चुनेवाला. सत्तरी ओलांडलेला, चुना भिजवणं आणि घाणीत मळणं त्याच्याकडे. आजूबाजूच्या चार तालुक्यांत ही विद्या येणारा हा एकटाच उरलाय, असं मॅडम म्हणतात. त्यानं दिवाळीत एक खड्डा भरून चुना मुरत घातला होता, तोच आजवर वापरात होता. आज म्हातारा येऊन म्हणतो, "साहेब, जुना खड्डा आता कंबरंएवढाच ऱ्हायलाय. नवा चुना कच्चा हाय, दीड म्हैना मुरू द्याया पायजे. तवर काम थांबवा."

दीड महिना. म्हणजे मार्च उजाडणार आणि चैत्राला पालखी पुन्हा वरून माघारी. मी विचारलं, "तात्या, तुमी आदी का न्हाई भिजत घातला?"

"आदी भट्टीचा मालच आला न्हवता. मी सांगितलं हुतं तुमाला. तुमी म्हनला, बघू."

अकरा माणसांसमोर मला खोटं पाडतो. मी गळपट्टी धरून ढकललं, इतकंच. तो मागं घाणीच्या दगडी चाकावर आपटला आणि कपाळ फुटलं. रक्त बरंच आलं. पट्टी मीच बांधली, फौजेतली सवय. मनात माझ्या काही नव्हतं हे त्यालाही कळलं असेल, कारण पट्टी होताच उठून कामाला लागला.

मग सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं. काम एक दिवसही थांबणार नाही. आणि नमुना एकही नापास होणार नाही. ज्याचा होईल त्यानं कपाळाला पट्टी घरूनच आणावी. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा. फौजेत असंच सांगतात आणि माणसं करून दाखवतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

करून दाखवलं की नाही? कालपर्यंत एकवीस दिवस भरलेल्या सगळ्या पेट्या तपासल्या, रांगेत उभं करून सांगितल्यापासून एकाही पेटीत खिळा रुतलेला नाही. अमृतचा नमुना तर दगडासारखा. वडूजचा धम्मपाल गवंडी, हात जरा ढिला म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो, त्याचाही पास. पश्चिमेची भिंत छातीभर वर आलीय, उत्तरेचीही निघाली.

कामावर शिस्त आलीय. मी दिसलो की सगळं चिडीचूप. नुसता थापीचा आणि घाणीचा आवाज. पूर्वी ही माणसं काम करताना एकमेकांची उणीदुणी काढत, गाणी म्हणत. आता नाही. कोंडीबा दुपारी भाकरीसुद्धा खड्ड्याजवळ बसून एकटाच खातो. जुन्या खड्ड्यावर त्यानं गोणपाट टाकून वर दगड ठेवलेत. विचारलं तर म्हणाला, "कुत्री जात्यात आत." म्हातारा कामात पक्का आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सांगलीला जाऊन आलो. सृष्टीची आई दिवाळीपासून लेकीकडे आहे, गुडघ्यांच्या उपचारासाठी. लिफ्ट बंद होती. भाजीची पिशवी घेऊन ती माझ्यापुढे तीन मजले चढून गेली, मीच मागे राहिलो. म्हटलं, उतार चांगलाच पडलाय, चल मग घरी. सृष्टी म्हणाली, डॉक्टर अजून सहा महिने म्हणतात. कुठले डॉक्टर विचारलं तर दोघींनी दोन नावं सांगितली. शहरात दाखवावं लागतं चार ठिकाणी.

जेवण चांगलं झालं होतं. ताट ठेवून सृष्टीची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बसली नाही. मी बारवेचं सांगितलं, महिनाभर एकही नमुना नापास नाही म्हणून. सृष्टी म्हणाली, "घरात पण कधी काही नापास व्हायचं नाही, बाबा." कौतुकच केलं म्हणायचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मॅडम आल्या होत्या. माझं रजिस्टर पानं उलटून बघितलं, परत मागं जाऊन बघितलं. मला वाटलं शाबासकी देतील.

"सहा आठवड्यांत एकही नापास नाही?"

"एकही न्हाई."

"मला हे बरं वाटत नाही, सुभेदारसाहेब. चुन्याचं काम आहे. ऊन असतं, पाणी कमीजास्त होतं, माणूस चुकतो. दहा-पंधरांत एखादा पडायलाच हवा. पडला की कळतं काय बिघडलं ते."

अशी बाई मी जन्मात बघितली नाही. काम चांगलं झालं म्हणून चिंता करते. दुपारी त्या गवंड्यांच्यात जाऊन भाकरी खायला बसल्या. काहीतरी बोलणं चाललं होतं, मी जवळ गेलो तसं थांबलं. मग म्हणाल्या, भिंतीतला एखादा सांधा आतपर्यंत उकलून बघायचाय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्या सहीवर विश्वास नाही. पण मी म्हटलं, बघा, कुठलाही बघा. कोंडीबा पुढं झाला आणि त्यानंच पश्चिमेच्या भिंतीत एक जागा दाखवली. उकललं. आतला चुना पांढराशुभ्र, कडक. मी मॅडमकडे नुसतं बघितलं. त्या कोंडीबाकडे बघत होत्या.

जाताना म्हणाल्या, "तुम्ही चार दिवस सुट्टी का घेत नाही?" मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षांत घेतली नाही.

११ मार्च, मंगळवार

आज पाच वाजता कोंडीबा घरी आला. पहिल्यांदाच. मी चहा ठेवला. ओट्यावर बसला, दाराशी टेकवलेल्या माझ्या काठीकडे बघत. हवेचं बोलला. मेंढरं यंदा कोकणातून लवकर माघारी येतायत म्हणाला. मग म्हणाला, "साहेब, एक सांगायचं हुतं."

"बोला की."

मी कपात साखर घालायला उठलो. तो पण उठला. म्हणाला, "काय न्हाई. चुन्याला गूळ लागंल आनखी." आणि गेला. चहा तसाच. गुळासाठी दीड मैल चालत यायचं काही कारण होतं का? म्हातारपणी माणूस एकलकोंडा होतो.

१९ मार्च, बुधवार

पश्चिमेची भिंत पुरी झाली. तिच्या पायाशी बारीक पांढरी पूड पडलेली दिसली, आणि दोन ठिकाणी सांध्यातून पापुद्रा उडालेला. अमृतला बोलावलं. त्याच्या कानशिलाला घाम होता.

"हे काय रं?"

"उन्हानं व्हतंय साहेब. चांगलं हाय."

मी खिळा काढून ओढला. बाहेरून कडक आहे, ओरखडाच उठतो. सोडून दिलं.

२८ मार्च, शुक्रवार

राणी डोक्यावरची पाटी उतरवून माझ्यासमोर आली. ही बाई माझ्याशी पाच महिन्यांत एकदाही बोललेली नाही. म्हणाली, "साहेब, ह्यांना वर पायऱ्यांवर काम द्या. खाली नगं."

"का? खाली काय वाघ हाय?"

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "तसं न्हाई. पर पश्चिमच्या अंगाला नगं. तुमच्या पाया पडते."

अमृत पलीकडून बघत होता. दोघांचं ठरवून चाललेलं मला दिसत होतं. खालचं काम जड, पाण्यातलं, आणि बायकोला पुढं करून सोपं काम मागायचं. एकाला सूट दिली की उद्या अकरा बायका येतील. मी सगळ्यांसमोर अमृतला हाक मारली आणि सांगितलं, उद्यापासून तू तळालाच, पश्चिमेच्या पायाशी, फरशी बसवायला, धम्मपालच्या जोडीला. पालखी उतरेपर्यंत. त्याचं तोंड पांढरं पडलं. "जी साहेब" म्हणाला.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी तीनला वळीव आला. गारा बोराएवढ्या. ओढा भरून वाहिला, बारवेच्या पश्चिमेकडच्या रानात गुडघाभर पाणी साचलं. मी पावसातच फिरून भिंती बघितल्या. उभ्या आहेत. दहा दिवसांवर पालखी आली, उद्या सुट्टी नाही म्हणून सगळ्यांना निरोप धाडला.

३ एप्रिल, गुरुवार

भिंत गेली.

साडेदहा वाजता. मी वर घाणीपाशी होतो. आधी धान्याचं पोतं फाटावं तसा सळसळ आवाज झाला. मग धम्मपालची आरोळी. मग पश्चिमेची भिंत कमरेत वाकली आणि सगळी खाली बसली. दगड एकमेकांवर आपटून ठिणग्या उडाल्या. पाणी वर उसळून माझ्या तोंडावर आलं, तेव्हा कळलं की मी धावत खाली उतरलोय.

धम्मपाल कडेला होता, उजवा पाय मांडीपासून दगडाखाली. तो ओरडत होता म्हणजे जिवंत होता. अमृतचा आवाज नव्हता. दगड हातांनी ओढले. माझी नखं दोन ठिकाणी उलटली. पाण्याचा रंग बदलत होता. दगडांना चिकटलेला चुना शिळ्या भातासारखा हातात सुटत होता, ओला, भुसभुशीत, मधे न मुरलेले खडे. बाहेरून अंगठाभर तेवढा कडक. मी तो हातात घेऊन बघत उभा राहिलो होतो म्हणे. मला कोंडीबानं बाजूला ढकललं.

पाऊण तासानं अमृत सापडला. छाती उरली नव्हती. तोंडाला काही झालं नव्हतं. राणीला वर दोघी-तिघींनी धरून ठेवलं होतं, तरी ती खाली आली. रडली नाही. तिनं त्याच्या कानातली चुन्याची पूड पदरानं पुसली.

४ एप्रिल, शुक्रवार

अमृतला पोचवून आलो. खांदा द्यायला पुढं झालो तर जागा मिळाली नाही.

६ एप्रिल, रविवार

पोलीस पंचनामा करून गेले. वळवाच्या पाण्यानं माती फुगून भिंत खचली, असं सगळ्यांनी सांगितलं. धम्मपालचा पाय गुडघ्यावरून काढला.

जयराज ठेकेदार आला. अमृतचं सुतक अजून फिटलेलं नाही आणि हा कागद घेऊन आला. उरलेल्या तीन भिंती नमुन्यांप्रमाणे मजबूत असून पालखीस हरकत नाही, खाली माझं नाव. समितीचे दोघे त्याच्यासोबत. म्हणाले, नानासो, एक भिंत देवाच्या मनात नव्हती. बाकीच्या तर तुम्हीच पास केल्यात.

मी पेन उघडलं होतं. पण पश्चिमेच्या भिंतीचे नमुनेही मीच पास केले होते. तो शिळा भात मी हातात धरलाय. मग उत्तर आणि पूर्वेच्या भिंतीत काय आहे? १२ तारखेला साताठशे माणूस त्यांच्याखाली उभं राहणार.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, सगळी भिंत उकलून बघायला दोन महिने लागतील, आणि उकलताना ती अंगावर येईल. कुठल्या दिवशी कुठला चुना कुठं गेला हे ज्यांनी बांधलं त्यांनाच ठाऊक. त्यांना विचारा.

विचारलं. सगळ्यांना उभं केलं, एकेकाला.

"चांगलं हाय साहेब."

"चांगलं हाय."

"मग ती कशी पडली?"

"पावसानं, साहेब."

शिवतेज म्हणून जानेवारीत लागलेला गवंडी आहे. तो बोलताना खाली बघत होता. मी त्याची मान धरली आणि तोंड भिंतीवर दाबलं. म्हटलं, सांग, हिच्या पोटात काय भरलंय? त्याचा ओठ फाटला. दोन मुस्कटात दिल्या, तिसरी दिली. रक्त गिळून तो म्हणाला, "चांगलं हाय साहेब." मी थांबलो. मला खरं पाहिजे होतं, दुसरं काही नको होतं. ते कुणी का देत नाही?

८ एप्रिल, मंगळवार

राणीच्या घरी गेलो. सकाळी दहाला. कोपऱ्यात दिवा लावलेला. ती भिंतीला टेकून बसली होती. मी उंबऱ्यापाशीच बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

"त्या दिशी तू म्हनलीस, पश्चिमच्या अंगाला नगं. तुला म्हाईत हुतं."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"मी तुला काय करनार न्हाई. फक्त उत्तरंच्या भिंतीचं सांग. पूर्वेचं सांग. लोकं मरतील गं."

"चांगलं हाय साहेब," ती म्हणाली. "समदं चांगलं हाय."

उन्हातनं चालत आलो होतो, तहान लागली होती. तिच्या मागं पाण्याचा तांब्या होता, तो घ्यायला मी उठून हात पुढं केला. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि अंग चोरून गुडघ्यात घातलं. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झालेली बाई. मी तांब्याला हात न लावता तसाच उभा राहिलो. ती हात खाली घेईना. मी बाहेर आलो तरी तिनं घेतले नव्हते.

हे असं डोक्यावर हात घेणं मी बघितलेलं आहे. आमच्या स्वयंपाकघरात. मी तेव्हा म्हणायचो, नाटकं करू नकोस.

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, तांब्याचंही. म्हटलं, मी सही करणार नाही, पण ही माणसं काही केल्या खरं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "उद्या मी सकाळी येते. तुम्ही कामावर येऊ नका. वाडीतही थांबू नका, सुभेदारसाहेब. तुम्ही गेलात हे त्यांना दिसू दे."

म्हणजे सगळ्या खेळात चोर मीच. मी ड्रायव्हरचा हात मोडला तो सिमेंट आणलं म्हणून. मी कधी कुणाचा चहा घेतला नाही. बाईमाणसाला बोलू नये ते मी त्यांना बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाल्या.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी सात वाजता रजिस्टर, खिळा आणि शेडची किल्ली समितीच्या ऑफिसात ठेवली. कामावरची माणसं यायला लागली होती. त्यांच्यादेखत एसटीत बसलो. कुणी हात केला नाही. वडूज स्टँडवर उतरून बाकावर बसलो आणि हे लिहितोय. किती तरी गाड्या लागल्या आणि सुटल्या. सांगलीची गाडी लागली तेव्हा मी उठलो होतो, पण परत बसलो. तिथं जाऊन मी काय विचारणार, आणि त्या दोघी मला काय सांगणार?

पावणेबाराला मॅडमचा फोन आला. आवाज बसलेला होता.

त्या म्हणाल्या, मी काहीच केलं नाही. सगळ्यांसोबत चहा घेतला आणि म्हटलं, नानासाहेब गेलेत, परत येणार नाहीत, आता सांगा. पहिला कोंडीबा उठला. गेरूचा डबा घेऊन भिंतीपाशी गेला. मग शिवतेज. मग सगळे. साडेनऊपासून खुणा चालू आहेत. उत्तरेची भिंत तळापासून पुरुषभर उंचीपर्यंत सगळी कच्ची. पूर्वेला जागोजाग. दक्षिणेची चांगली, ती दिवाळीच्या चुन्याची. आत्तापर्यंत एक्केचाळीस खुणा. कुठल्या दिवशी कुणी काय भरलं, सगळं तोंडपाठ आहे त्यांना.

नमुने कसे पास झाले ते मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. जुन्या खड्ड्यातला मुरलेला चुना कोंडीबानं राखून ठेवला होता. पेट्यांसाठी आणि बाहेरच्या अंगठाभर सांध्यासाठी. आत कच्चा. काम थांबायचं नव्हतं आणि नमुना पडायचा नव्हता, तर दुसरं काय करणार, असं तो म्हणाला. मॅडमनी ज्या दिवशी भिंत उकलली, त्या दिवशी त्यानं मुद्दाम चांगली जागा दाखवली, कारण मी शेजारी उभा होतो. ११ मार्चला तो हेच सांगायला माझ्या घरी आला होता. अमृतही सांगणार होता, राणीनं त्याला अडवलं. म्हणाली, पहिल्यांदा खरं बोललात तवा काय झालं ते इसरला काय.

पालखी यंदाही वरूनच माघारी फिरणार. समितीला मॅडमनी लेखी दिलंय. उत्तरेची भिंत टेकू लावून उकलायची, नवा खड्डा दीड महिना मुरू द्यायचा, मग बांधायची.

मी विचारलं, "पोलिसांना काय सांगायचं?"

"जे झालं ते," त्या म्हणाल्या.

ते मी आज दुपारी इथल्याच ठाण्यात जाऊन लिहून देणार आहे. ड्रायव्हरचं मनगट, कोंडीबाचं कपाळ, शिवतेजचा ओठ, आणि अमृतला तळाला कुणी धाडलं ते. सृष्टीच्या आईचं कुठल्या कागदावर लिहायचं ते मला माहीत नाही.

फोन चालू होता. मॅडमच्या मागं माणसं एकमेकांच्या वर आवाज काढून बोलत होती. अरं ती न्हवं, तिच्या खालची रांग. आरं गड्या त्या दिशी मी न्हवतोच कामावर, तू हुतास. कुणीतरी कुणालातरी शिवी दिली आणि कुणीतरी हसलं. पाच महिने मी त्या बारवेवर होतो, एवढी बोललेली मी त्यांना ऐकली नव्हती.

म्हटलं, "मॅडम, मी येऊ का? लांबनं बघतो."

"नको," त्या म्हणाल्या. "अजून बोलतायत."